शनिपारच्या बसस्टॉपवर भेटलेल्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बस आली, गर्दीत आम्ही आत लोटले गेलो, धड आभारही मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र.

माझी मुलगी सहा वर्षांची. पृथ्वी गोल आहे आणि फिरते, असं शाळेत ऐकलं तेव्हापासून तिचा एकच प्रश्न : मग आपण पडत कसे नाही? बाई म्हणाल्या, "आठवीत गेलीस की कळेल, बस खाली." घरी आलेले पाहुणे हसले आणि वर चारचौघांत तिला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मी "गुरुत्वाकर्षण असतं ना बाळा" म्हणून मोकळी झाले. मोठा शब्द हातात ठेवला की उत्तर दिलं, असं आपण किती सहज धरून चालतो! कोजागिरीला सगळी सोसायटी गच्चीवर दूध प्यायला जमली, तर ही जिन्याचा कठडा धरून बसलेली. वर यायलाच तयार नाही. हट्टी झालीये, असं मीच सगळ्यांना सांगितलं.

तुम्हालाही तिने तेच विचारलं. तुम्ही मंडईची पिशवी बाकावर ठेवलीत आणि उत्तर द्यायच्या आधी तिला विचारलंत, "तुला भीती वाटते का गं?"

ती "हो" म्हणाली. काका, मला रडूच आलं. महिनाभर तो प्रश्न घरात होता. त्यातली भीती मला, तिच्या आईलाही, दिसली नव्हती.

मग तुम्ही मोसंब्यावर बॉलपेनने माणसं काढलीत. वर ती, खाली तिचा अमेरिकेतला मामा. मोसंबं तिलाच उलटं करायला दिलंत. मामा वर आला, ती खाली गेली, पण पाय दोघांचेही फळाकडेच. "खाली म्हणजे ह्याच्या मधोमध. पृथ्वी सगळ्यांना तिकडेच ओढते. आभाळात कशी पडशील तू?"

"पण ती फिरते ना?" ह्यावरही तुम्ही तिला गप्प केलं नाहीत. वजन विचारलंत, अठरा किलो. पिशवीतून एक लिंबू काढून तिच्या तळहातावर ठेवलंत. "फिरण्यामुळे तुझं वजन एवढंच कमी होतं, पन्नासेक ग्रॅम. बाकी सगळी तू पृथ्वीने धरून ठेवलेली." ती ते लिंबू कितीतरी वेळ हातात झेलत राहिली.

तेवढ्यात तुमची एक बस निघून गेली, ते मी पाहिलं. ओळख ना पाळख, आणि दुसऱ्याच्या लेकरासाठी माणूस बस सोडतो. अशी माणसं आहेत म्हणून ह्या शहरात पोरं वाढवायचा धीर होतो.

परवा ती स्वतःहून गच्चीवर आली. चटईवर उताणी पडली, हात पसरून, बराच वेळ.

मोसंबं सुकलंय, पण मामा अजून दिसतो. मंडईत येणं झालं तर स्टॉपवर आमच्याकडे लक्ष असू द्या. तिला तुम्हाला लिंबू परत द्यायचंय.

आपली कृतज्ञ,
त्या मुलीची आई