अहिल्यादेवींचं नाणं बाजारात कधी दिसणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या ३०० व्या जयंतीला, म्हणजे ३१ मे २०२५ ला भोपाळमध्ये पंतप्रधानांनी ३०० रुपयांचं नाणं काढलं, तेव्हा व्हॉट्सॲपवर आठवडाभर त्याचेच फोटो फिरत होते. आनंद झालाच, पण प्रत्यक्षात ते नाणं आपल्यापैकी किती जणांनी हातात घेतलं असेल? कारण ते चलनात येणारं नाहीच, टांकसाळीकडे आधी बुकिंग करायचं, दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे भरायचे आणि मग डबीत घालून कपाटात ठेवायचं. नाणी जमवणाऱ्यांची चंगळ आहे, बाकीच्यांनी मोबाईलवरच बघायचं.

आपल्या नाशिक जिल्ह्याला तर हे जास्तच टोचायला पाहिजे. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे तिथेच त्यांची टांकसाळही होती, आणि चांदवडी रुपया काही शोभेला नव्हता पाडला, पेठेत धान्य कापूस त्यावरच विकला जायचा. खुद्द अहिल्यादेवींच्या काळातल्या नाण्यांवर बेलपान आणि शिवलिंग असायचं, स्वतःचा चेहरा नाही. १७६७ ते १७९५ एवढा काळ कारभार बघितला, तेही बाईमाणसाने गादीवर बसायचं म्हटलं की दरबारी लोकांच्या कपाळावर आठ्या पडायच्या अशा काळात, आणि आज त्यांचं नाणं काढायचं तर ते फक्त डबीतलं?

चालू नाणं काढता येत नाही असंही नाही. १९८५ ला इंदिरा गांधींचं ५० पैशाचं आणि ५ रुपयाचं नाणं निघालं होतं, ते आपण सगळ्यांनी दुकानात दिलंय घेतलंय. मग अहिल्यादेवींचं १० किंवा २० रुपयाचं काढायला काय हरकत आहे? (१० चं नाणं काही भाजीवाले रिक्षावाले अजून घेत नाहीत हा वेगळाच वैताग, रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सगळ्या १४ डिझाइनची नाणी चालतात म्हणून सांगितलंय तरी! देवींचा फोटो असला तर निदान नाही म्हणताना जरा विचार करतील.)

नोटा आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात पण नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला पाडतात, त्यामुळे पाडायचं काम इथे मिळणार नाही हे माहितीये. पण आपल्या जिल्ह्यातल्या खासदारांनी अर्थ मंत्रालयाला चालू नाण्यासाठी एक पत्र तरी द्यावं, आणि नाणं निघालंच तर पहिली पिशवी चांदवडच्या बँकेत पाठवायला सांगावी.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक