अधिसूचनेचा सूचक कोण?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

राळेगाव तालुक्यात माझी सात एकर कोरडवाहू शेती आहे. घरातल्या लोखंडी पेटीत निवेदनांच्या प्रतींचा एक गठ्ठा आहे. प्रत्येक प्रतीवर गोल शिक्का, खाली 'पोहोच मिळाली' आणि तारीख. वरचा मायना ठरलेला : 'मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य. मार्फत : मा. तहसीलदार साहेब.' या 'मार्फत'च्या पुढे आमचा कागद कुठवर जातो, ते वीस वर्षांत मला कळलेलं नाही. उत्तर म्हणून आलेलं एकही पत्र त्या पेटीत नाही.

आता दुसरा कागद पाहा. 18 ऑगस्ट 2025 रोजी केंद्र सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केल्याची अधिसूचना काढली आणि दुसऱ्याच दिवसापासून ती लागू झाली. आमच्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडांना, तेव्हा पात्या-फुलं लागली होती, खत पडून गेलं होतं. पेरणीआधी समजलं असतं तर दोन एकर तुरीकडे वळवले असते. (तुरीचीही आयात शुल्कमुक्तच होती म्हणा, जायचं कुठं?) सूट आधी 30 सप्टेंबरपर्यंत होती. दहाच दिवसांत ती 31 डिसेंबरपर्यंत वाढली. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) करून पहिला वेचा घरात येतो तो दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, आणि लहान शेतकऱ्याचा बहुतेक कापूस डिसेंबरच्या आत विकला जातो. उसनवारी त्याला थांबू देत नाही. हमीभाव कागदावर क्विंटलला मध्यम धाग्याला 7710 आणि लांब धाग्याला 8110 रुपये होता. पण हमीभावानं खरेदी करणाऱ्या सीसीआयकडे (भारतीय कापूस महामंडळ) जायचं तर मोबाईलवर नोंदणी हवी, ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा, वर गाडीभाडं. खेडा खरेदीवाला दारात काटा लावतो आणि त्याच दिवशी नोटा मोजतो. भाव अर्थात तो सांगेल तो.

सूतगिरण्या आणि कापड उद्योगाच्या संघटना हे शुल्क हटवा असं उघडपणे मागत होत्या. 2021च्या अर्थसंकल्पात ते लागलं, 2022 मध्ये काही महिने माफही झालं होतं. या खेपेला अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावल्यानं त्यांची अडचण खरी होती आणि तिथं काम करणाऱ्यांची पोटंही खरीच आहेत. त्यांनी मागितलं यात गैर काही नाही. मी विचारतो ते एवढंच, की ते मागणं कोणत्या तारखेला, कोणासमोर, कोणत्या आकड्यांनिशी मांडलं गेलं आणि त्या बैठकीत कापूस पिकवणारा कोणी होता का. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25 खाली अशी सूट 'जनहितार्थ' दिली जाते, तसं अधिसूचनेतच लिहिलेलं असतं. ते जन कोणते?

आमच्या ग्रामसभेत नालीचा ठराव घ्यायचा तरी आधी फळ्यावर नोटीस लागते. इतिवृत्तात सूचक कोण, अनुमोदक कोण, हे नावानिशी लिहावं लागतं. उद्या नाली सरपंचाच्या मेव्हण्याच्या घराकडे वळली तर वही उघडून विचारता येतं, आणि आम्ही विचारलंही आहे. लाखो शेतकऱ्यांच्या कापसाचा भाव हलवणाऱ्या अधिसूचनेला सूचक-अनुमोदक नकोत?

नियमांचा मसुदा 30 दिवस आधी लोकांसमोर ठेवावा, असं केंद्राचं स्वतःचं 2014 सालचं धोरण आहे. ते धोरणच राहिलं, कायदा झाला नाही. शेतमालाच्या आयात-निर्यातीपुरतं तरी ते बंधनकारक करा. तातडी असेल तर निर्णय आधी घ्या, पण कोणाकोणाला भेटलात ती यादी त्याच आठवड्यात जाहीर करा.

निवडणुकीतल्या पैशाचं सांगावं तर विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाखांची, पक्षाला मर्यादाच नाही. कंपनीनं नफ्याच्या साडेसात टक्क्यांवर देणगी देऊ नये हे बंधन 2017 मध्ये काढलं गेलं, पाठोपाठ देणगीदाराचं नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे आले. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही गोष्टी घटनाबाह्य ठरवल्या. मार्चमध्ये देणगीदारांची नावं पेपरात आली तेव्हा आमच्याकडे हरभऱ्याची मळणी सुरू होती. पारावर दोन दिवस चर्चा झाली, मग थ्रेशर पुढच्या वावरात गेला. केंद्रीय माहिती आयोगानं 2013 मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराखाली आणलं, ते पक्षांनी आजवर मानलेलं नाही. ग्रामपंचायतीला मात्र ब्लिचिंग पावडरच्या बिलाचीही माहिती द्यावी लागते.

आम्ही शेतकरीही एक हितसंबंधी गटच आहोत, हे मला मान्य आहे. कर्जमाफी आम्हीही मागतो. ऑक्टोबर 2025 मध्ये माजी आमदार बच्चू कडूंच्या कर्जमाफीच्या आंदोलनात नागपूरजवळ वर्धा रोड अडला, तेव्हा एसटीत अडकलेल्यांनी आम्हाला शिव्या घातल्या आणि त्या खाव्याच लागल्या. पण आमचं मागणं काय, ते त्या एसटीतल्या शेवटच्या सीटवरच्या माणसालाही ठाऊक होतं. बंद खोलीतल्या मागणीला शिव्या घालायचीही सोय नसते.

हे पत्र लिहायला बसलो तर शेजारचे काका म्हणाले, "लिही बा, पण छापून आलं म्हणजे भाव वाढन का?" नाही वाढणार. तरी एक छोटी मागणी नोंदवून ठेवतो, तिला ना कायदा बदलावा लागतो ना पैसा लागतो.

दर डिसेंबरला नागपुरात हिवाळी अधिवेशन भरतं. शेतकऱ्यांचे मोर्चे विधान भवनापासून दूर अडवले जातात. नशीब असेल तर एखादे मंत्री तिथं येऊन निवेदन घेतात, नाहीतर पाच जणांचं शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून आत जाऊन येतं. त्याच दिवशी पास घेऊन कितीतरी माणसं आवारात वावरत असतात. कोणाच्या शिफारशीवर कोणाला पास मिळाला आणि तो कोणत्या मंत्र्यांना भेटला, याची यादी विधिमंडळानं रोज संध्याकाळी लावावी. आम्हाला अडवतात त्या बॅरिकेडवर लावली तरी चालेल. तिथवर आम्ही येतोच.

आपला,
एक कापूस उत्पादक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ