नवोपक्रमाची नोंद चार्ज यादीतही व्हावी

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय: स्थानिक स्वराज्य संस्थांतील नवे उपक्रम आणि ते सुरू करणाऱ्यांच्या पश्चात त्यांचे होणारे हाल

गेल्या काही महिन्यांत आपल्या दैनिकात मराठवाड्यातील ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांच्या नावीन्यपूर्ण उपक्रमांविषयी बरेच वाचायला मिळाले. अशा बातम्या यायला हव्यात, याबद्दल दुमत नाही. परंतु ग्रामसेवक म्हणून नोकरीला लागून विस्तार अधिकारी (पंचायत) या पदावरून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याच्या मनात त्या वाचताना एक प्रश्न हटकून येतो. ज्या सरपंचाचे किंवा मुख्याधिकाऱ्याचे छायाचित्र छापून आले आहे, ती व्यक्ती त्या खुर्चीवरून उठल्यानंतर दुसऱ्या वर्षी तिथे काय उरलेले असेल? आपल्याकडे एखादी गोष्ट चांगली जमली की तिला लगेच ‘पॅटर्न’ म्हणतात. लातूरने शिक्षणात हा शब्द रूढ केला आणि आता शौचालयापासून शेततळ्यापर्यंत ज्याचा त्याचा पॅटर्न आहे. वास्तविक शिंप्याकडचा बेताचा कागद दुसऱ्यालाही तसेच कापड कापता यावे म्हणून जपलेला असतो. आपल्याकडे मात्र बेतणारा निघून गेला की कागदही त्याच्याबरोबर जातो.

हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण या प्रकारातली एक चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातील एका गावात मी ग्रामसेवक होतो. सरपंचपद महिलेसाठी राखीव झाले आणि चौथीपर्यंत शिकलेल्या एक बाई निवडून आल्या. पहिल्या मासिक सभेनंतर त्यांनी मला विचारले, ‘‘भाऊसाहेब, पाणी कोण सोडतं ते मला ठाऊक आहे. कुणाच्या सांगण्यावरून सोडतं, ते सांगा.’’ मी काही बोललो नाही, कारण उत्तर साऱ्या गावाला माहीत होते. टाकी भरली की आधी दोन मोठ्या वाड्यांच्या गल्लीत पाणी जाई आणि वस्तीच्या टोकाला पोहोचेपर्यंत टाकीचा तळ दिसे. बाईंनी कोणाशीही भांडण केले नाही. त्यांनी गावाचे चार भाग पाडले, प्रत्येक भागाच्या व्हॉल्व्हची चावी त्या भागातल्या एका बाईकडे दिली आणि पाणीपट्टी गोळा करण्याचे कामही तिच्याकडेच सोपवले. पावती अर्थातच ग्रामपंचायतीची, नमुना 10 या ठरलेल्या फॉर्ममधली. ज्या बाईच्या हातात चावी, तिच्याच दारात शेजारीण तक्रार घेऊन येणार, त्यामुळे पाणी वेळेवर सुटू लागले. पाणी वेळेवर मिळते म्हटल्यावर पट्टीही वेळेवर येऊ लागली. विजेचे बिल थकेनासे झाले आणि मोटार जळली तरी रिवाइंडिंगसाठी कोणापुढे हात पसरण्याची वेळ आली नाही.

पुढच्या निवडणुकीत आरक्षण बदलले, नवे पदाधिकारी आले आणि त्याच सुमारास माझीही बदली झाली. कार्यभार हस्तांतरित करताना मी रीतसर चार्ज यादी केली होती. तिच्यात कपाट, खुर्च्या, शिक्के, धनादेश पुस्तिका, करआकारणी व करमागणीच्या नोंदवह्या, सगळे होते. त्या चार चाव्या मात्र नव्हत्या. कारण ती व्यवस्था कधी ठरावात आलीच नव्हती. बाईंनी सांगितले, मी मान डोलावली आणि काम सुरू झाले, एवढाच तिचा इतिहास होता. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 49 खाली ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिच्यात निम्म्या महिला असाव्या लागतात. त्या चार बायकांना या समितीत घेऊन, व्हॉल्व्ह सोडण्याची व वसुलीची जबाबदारी ठरावाने त्यांच्याकडे देणे हे माझे अर्ध्या तासाचे काम होते. ते मी केले नाही. वर्षभरात चाव्या पुन्हा एकाच माणसाकडे गेल्या, वसुली बसली, बिल थकले आणि जोडणी तोडली गेली. सरपंचबाईंचे नेतृत्व कुठे कमी पडले नव्हते. ते कागदावर उतरवणाऱ्याने कुचराई केली होती.

ही गोष्ट जुनी असली तरी विषय जुना झालेला नाही. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमधून गावोगाव नव्या टाक्या, नव्या वाहिन्या आणि घरोघरी नळ आले. दरडोई दररोज 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे आणि गावापुरती योजना पूर्ण झाली की ती चालवायची ग्रामपंचायतीनेच. पंधराव्या वित्त आयोगानेही 2021 ते 2026 या काळातील अनुदानाचा 60 टक्के हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला. म्हणजे बांधायला पैसा आहे. टाकी बांधणे हे ठेकेदाराचे काम असते. दर महिन्याला घरोघर जाऊन पट्टी मागणे आणि पाहुण्या-सोयऱ्यांचीही थकबाकी चावडीवर लावणे हे नेतृत्वाचे काम असते, आणि त्यासाठी कोणी हारतुरे देत नाही. उलट पुढच्या निवडणुकीत मते जातात. बहुतेक सरपंच घरपट्टी-पाणीपट्टीच्या विषयाला हातच लावत नाहीत, ते यामुळेच.

या बाबतीत छत्रपती संभाजीनगरलगतच्या पाटोदा गावाचा दाखला नेहमी दिला जातो आणि तो योग्यच आहे. भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात त्या ग्रामपंचायतीने कर पूर्ण भरणाऱ्या कुटुंबाला वर्षभर दळण मोफत देण्याची पद्धत सुरू केली. पाहायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष चक्कीकडे गेले. परत जाऊन काहींनी चक्क्याही बसवल्या. खरी कल्पकता मात्र चक्कीत नसून करमागणीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 9 मध्ये, होती. कर बाकी आहे की नाही याची अद्ययावत नोंद असल्याशिवाय कोणाचे दळण मोफत आणि कोणाचे नाही हे ठरवताच येत नाही, आणि घरातल्या बाईला दर आठवड्याला दळणाचा डबा घेऊन जाताना ती नोंद आठवते. भूम किंवा लोहाऱ्याच्या कोरडवाहू गावाने शहरालगतच्या गावाची जशीच्या तशी नक्कल करू नये, कारण जमिनीचे भाव आणि कराचा पाया दोन्हीकडे सारखे नसतात. पण नोंदवही ताजी ठेवायला शहर जवळ असावे लागत नाही. 2021 च्या निवडणुकीत पेरे पाटील यांच्या मुलीचा पराभव झाला, तेव्हा त्या पराभवाची चर्चा महाराष्ट्रभर रंगली. कारभारी बदलल्यावर त्या व्यवस्थेचे काय झाले, हे मात्र माझ्या वाचनात फारसे आले नाही. बातमी खरे तर तिथे होती.

जालना तालुक्यातील कडवंचीचे उदाहरण मला याहून अधिक शिकवणारे वाटते. 1990 च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून तिथे काम सुरू झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तिथे एक सरपंच किंवा एक जिल्हाधिकारी सगळे श्रेय घेऊन जाऊ शकत नाही, कारण खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसे गावाबरोबर वर्षानुवर्षे राहिली. अधिकारी तीन वर्षांनी बदलतो, पदाधिकारी पाच वर्षांनी बदलतो. पाणलोटाचे काम मात्र त्याहून अधिक काळ मागते, आणि तेवढा काळ जागचे न हलणारे कोणीतरी कडवंचीला मिळाले.

आणखी मागे जायचे तर आपल्याच प्रदेशात नहर-ए-अंबरी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने हर्सूलच्या बाजूने आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरात जमिनीखालून पाणी आणले. या नहरीचे कौतुक करताना तिचा उतार आणि तिची लांबी सांगितली जाते. मला त्यात सर्वांत महत्त्वाची वाटतात ती ठिकठिकाणी ठेवलेली, माणूस उतरू शकेल अशी तोंडे. बांधणाऱ्याने बांधतानाच गृहीत धरले होते की आपल्यानंतर कोणाला तरी आत उतरून गाळ काढावा लागेल. आजच्या अंदाजपत्रकात त्या माणसासाठी तरतूद किती असते, हे ज्याने त्याने आपल्या गावचा नमुना 1, म्हणजे अंदाजपत्रक, उघडून पाहावे.

शहरांची गोष्ट वेगळी नाही, फक्त आकडे मोठे आहेत. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. तो प्रसंग हाताळणाऱ्या रेल्वेच्या, महसूलच्या आणि पालिकेच्या लोकांनी मोठे काम केले. पण ‘जलदूत’ गाडीच्या छायाचित्रापुढे गळक्या वाहिन्या, मोजमाप नसलेले नळ आणि सांडपाण्याचा पुनर्वापर हे विषय कायमचे मागे पडले. छत्रपती संभाजीनगरात 2018 च्या फेब्रुवारीत नारेगावकरांनी कचरा डेपो बंद पाडला आणि आठवडेच्या आठवडे कचरा रस्त्यावर राहिला. ओला-सुका कचरा वेगळा करून प्रक्रिया करायची, ही ‘कल्पना’ शहराला सुचली नाही, ती त्या गावकऱ्यांनी शहरावर लादली. चिकलठाणा, पडेगाव आणि हर्सूल येथील प्रक्रिया केंद्रांचा जन्म त्या वैतागातून झाला, असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर तर लोकप्रतिनिधीच नाहीसे झाले. याच महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली, जिल्हा परिषदांची मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे संविधानाच्या अनुच्छेद 243-ई आणि 243-यू मध्ये स्पष्ट असताना, निवडणुका घ्या असे सांगण्याची वेळ 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयावर आली. या काळात काही प्रशासकांनी खरोखर चांगली कामे केली, हे मी नाकारत नाही. सभागृह नसले की निर्णय लवकर होतात. पण ज्या निर्णयावर कोणी प्रश्न विचारला नाही, ज्यासाठी कोणा नगरसेवकाने गल्लीत शिव्या खाल्ल्या नाहीत, त्या निर्णयाची राखण करणाराही गल्लीत कोणी नसतो. प्रशासक बदलला की तो निर्णय अनाथ होतो.

नेतृत्व हा शब्द प्रशिक्षणाच्या वर्गात फार सहज वापरला जातो, म्हणून एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. गावच्या कारभाऱ्याने गुंडगिरीपुढे उभे राहण्याची किंमत आमच्या भागात एवढी असू शकते. सरपंचांना ‘परिणामकारक नेतृत्वा’चे धडे देणाऱ्यांनी आधी त्यांच्या संरक्षणाची आणि त्यांच्या तक्रारीची वेळेत दखल घेण्याची हमी द्यावी.

आता माझी सूचना. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी आणि दप्तर हाताळण्याची रीत बदलली. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव आमच्या पिढीच्या कर्मचाऱ्यांना आजही आठवते, याचे कारण ती रीत लिहून काढलेली होती आणि कोणत्याही अव्वल कारकुनाला ती शिकता येत होती. त्याच धर्तीवर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), मुख्याधिकारी आणि गटविकास अधिकारी यांच्या चार्ज यादीला एक परिशिष्ट जोडावे आणि त्यात चालू असलेल्या व्यवस्थांची नोंद करावी: व्यवस्था कोणती, कोणत्या ठरावाने सुरू झाली, तिला दरवर्षी पैसा कुठून येतो आणि रोजचे काम कोण करते. हे परिशिष्ट 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. ज्या व्यवस्थेचा ठराव नाही तिचा ठराव त्याच वेळी घ्यावा. ज्या व्यवस्थेला पैसा नाही ती बंद करायची असेल तर तसे लोकांसमोर सांगून बंद करावी. गुपचूप मरू देऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरे आहे.

त्याचबरोबर, 2000-01 मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून आपल्याकडे गावांना बक्षिसे देण्याची चांगली परंपरा आहे. त्या अभियानाने गावे झाडली गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले. तपासणी समिती येण्याच्या आदल्या रात्री गेरूने रंगवलेले ओटेही पाहिले. बक्षिसाची अर्धी रक्कम निकालाच्या दिवशी आणि उरलेली अर्धी तीन वर्षांनंतर, पूर्वसूचना न देता केलेल्या फेरतपासणीनंतर द्यावी. दुसरा हप्ता कोणत्या पक्षाच्या किंवा पॅनेलच्या काळात मिळतो याला महत्त्व राहणार नाही, त्यामुळे आधीच्यांचे चांगले काम मोडून टाकण्यात नव्या कारभाऱ्यांना रस उरणार नाही.

एक विनंती आपल्यालाही आहे. आपल्या दैनिकात पाच-दहा वर्षांपूर्वी ज्या गावांच्या यशोगाथा छापून आल्या, त्यांपैकी दर महिन्याला एका गावात वार्ताहराने पुन्हा जावे आणि जे दिसेल ते लिहावे. सुरुवात माझ्या सेवेतल्या त्या गावापासून करायची असेल, तर गावाचे नाव मी कार्यालयात येऊन सांगेन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विस्तार अधिकारी (पंचायत),
लातूर जिल्हा