बाबा, आठवा अध्याय काढून ठेवा

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

शेवटच्या दिवसांत तुम्हाला काय हवं, काय नको, हे फोनवर विचारायचा मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा आई म्हणाली, "तिन्हीसांजेला कसलं अभद्र बोलतेस गं, वास्तू तथास्तु म्हणते," आणि तिनं फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी पुण्यात पाऊस किती झाला ते विचारलं. पुढच्या दोन्ही वेळांना मीच कच खाल्ली. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राचा फोन ठेवून देता येत नाही.

अण्णाकाकांना जाऊन चौदा महिने झाले. शेवटचे अकरा दिवस ते आयसीयूत होते, हे तुम्हाला माहीत आहे. आत मात्र बहुतेक वेळा मीच जायचे, त्यामुळे मी पाहिलं ते तुम्ही पाहिलेलं नाही. तोंडात नळी होती. ती ओढून काढतील म्हणून दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं पलंगाच्या दांड्याला बांधलेले. डावा हात जेमतेम चार बोटं हलेल इतका मोकळा. त्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत चादरीची किनार धरून ते ती हळूहळू चोळत होते. दुकानात गिऱ्हाईकानं कापड पुढे केलं की टेपला हात लावायच्या आधी ते असंच चोळून बघायचे ना, सूत आहे की मिश्रण, तसंच. चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाला त्या चादरीत काय सापडत होतं, देव जाणे. मला बघवलं नाही. मी हात धरला, तर त्यांनी माझ्या ओढणीची किनार धरली.

डॉक्टरांनी भरती करताना विचारलं होतं, "सगळं करायचं ना?" आणि आम्ही एका सुरात म्हणालो, "सगळं करा." दुसरं काय म्हणणार? फुप्फुसाचा कॅन्सर यकृतापर्यंत गेलेला, हे दोन महिने आधी कळलं होतं. त्या दोन महिन्यांत घरातल्या एकाही माणसानं काकांना विचारलं नाही की तुम्हाला काय हवंय. आजाराचं नावसुद्धा त्यांच्यासमोर कुणी घेतलं नाही, "छातीत पाणी झालंय" एवढंच. ओळखीपाळखीचे लोक मात्र पुस्तकं आणून देत होते: अमक्या रसानं गाठ विरघळते, तमक्या आहारानं कॅन्सर पळतो. काकूनं महिनाभर पहाटे उठून गव्हांकुर वाटले. तिच्या कष्टांबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. पण मरणाऱ्या माणसाच्या घरात खोटी आशा विकणाऱ्या पुस्तकांबद्दल मला फार राग आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही.

तेव्हापासून मी दुसऱ्या प्रकारची पुस्तकं वाचते आहे. त्यातलं एक तर आपल्या शेजारचंच निघालं. अतुल गावंडे हे अमेरिकेतले सर्जन. त्यांचे वडील आत्माराम गावंडे उटीचे. हो, आपल्या उमरखेडजवळची उटी. उमरखेडचं गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय तुम्हाला माहीतच आहे, ते आत्मारामांच्या आईच्या नावानं आहे. अतुल गावंड्यांनी 2014 मध्ये 'बीइंग मॉर्टल' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचे आजोबा सीताराम येतात. जवळजवळ 110 वर्षं जगले. म्हातारपणीही रोज घोड्यावर बसून शेताला चक्कर मारायचे. शेवटी कोर्टाच्या कामाला निघाले असताना बसमधून उतरताना पडले आणि त्यातच गेले. बाबा, हे वाचताना मला आपले आबाजी आठवले. भिंतीला धरून धरून गोठ्यापर्यंत जायचेच, आणि तुम्ही ओरडायचात.

पण मला सांगायची आहे ती आत्मारामांची गोष्ट. ते स्वतः डॉक्टर, युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाच्या आजारांचे. त्यांच्या मानेत, मज्जारज्जूच्या आतच गाठ निघाली. एक सर्जन म्हणाला, ताबडतोब ऑपरेशन. दुसऱ्यानं शांतपणे बसून त्यांचे प्रश्न ऐकून घेतले आणि थांबायचं असेल तर थांबता येईल असं सांगितलं. ते थांबले, आणि पुढे बराच काळ कामं करत राहिले. आजार वाढला तेव्हा मुलानं त्यांना विचारलं: तुम्हाला भीती कशाची वाटते? काय राहिलं पाहिजे? आणि कशाच्या बदल्यात काय सोडायला तयार आहात? हाता-पायांतली ताकद जाऊन नुसतं पडून राहणं त्यांना नको होतं, ते त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग ऑपरेशन, रेडिएशन, आणि शेवटी घरीच हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्यांची, मदत, हे सगळं त्या उत्तराला धरून ठरत गेलं. 2011 मध्ये ते गेले. मुलानं अस्थी काशीला गंगेत सोडल्या.

त्याच पुस्तकातली आणखी एक गोष्ट मी कितीदा वाचली असेन. बोस्टनच्या एक डॉक्टरीणबाई, मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची काळजी घेणं हेच त्यांचं काम. त्यांच्या स्वतःच्या वडिलांच्या मानेत गाठ झाली. आयुष्यभर असल्या गोष्टी बोलणाऱ्या त्या बाईंनाही ऑपरेशनच्या आदल्या रात्री वडिलांना विचारणं जड गेलं. पण विचारलं. वडील प्राध्यापक. लेकीला वाटलं, काहीतरी गंभीर उत्तर देतील. ते म्हणाले, चॉकलेटचं आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आला तर मी जगायला तयार आहे. ऑपरेशननंतर रक्तस्राव झाला, सर्जन धावत आले: पुन्हा आत न्यायचं का? हातपाय जातील, न्यावं की नको? तिनं एवढंच विचारलं, आइस्क्रीम खाता येईल का, मॅच बघता येईल का? ते हो म्हणाले, तिनं न्या म्हणून सांगितलं. वडील त्यानंतर दहा वर्षं जगले.

मी अण्णाकाकांसाठी असं काही विचारू शकले नाही, कारण त्यांचं आइस्क्रीम कोणतं ते मला ठाऊकच नव्हतं.

पॉल कलानिधी या न्यूरोसर्जनचंही पुस्तक वाचलं. सदतिसाव्या वर्षी, मार्च 2015 मध्ये, फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेले. शेवटचं प्रकरण त्यांच्या बायकोनं लिहिलंय. श्वास पुरेनासा झाला तेव्हा नळी घालायची का असं विचारल्यावर त्यांनी स्वतः नको म्हटलं, आठ महिन्यांच्या मुलीला जवळ घेतलं, आणि मॉर्फिन देऊन श्वासाची तडफड कमी केली गेली. तोच आजार, पण त्यांना विचारलं गेलं होतं. ते पान वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

आई, तुला वाटेल मी हात टेकायला सांगते आहे. तसं मुळीच नाही. 2010 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एका अभ्यासात फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या 151 रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला नेहमीचेच उपचार, दुसऱ्याला त्याबरोबर पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना, दम, भीती यांवरचे उपचार आणि रुग्णाशी मोकळं बोलणं. दुसऱ्या गटानं शेवटी केमो कमी घेतली, त्यांचे दिवस जास्त बरे गेले, आणि तरी ते सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्तच जगले. आपल्याकडेही हे आहे. मुंबईला वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून, आणि इथे पुण्यात, वारज्याला, सिप्लाचं केंद्र 1997 पासून, तिथे पैसे घेत नाहीत. अण्णाकाका पुण्यात होते, वारजं आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता कायद्याचं. बाबा, हे तुम्ही नीट वाचा, आईलाही सांगा. 9 मार्च 2018 ला सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की बरं होण्याची आशा उरली नसेल तर यंत्रांवर नुसतं जगवत ठेवू नका, हे माणूस शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवू शकतो. 24 जानेवारी 2023 ला त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. आपल्या वतीनं कुणी निर्णय घ्यायचा त्यांची नावं त्यात घालायची. वेळ आली तरी दवाखान्यातले डॉक्टर दोनदा, वेगवेगळ्या मंडळांतून तपासून मगच ठरवतात. इंजेक्शन देऊन मारण्याला आपल्याकडे परवानगी नाही, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आणि लिहिलेलं कधीही बदलता येतं.

मला माहीत आहे, कागदापेक्षा बोलणंच अवघड आहे. पण बाबा, हे मी बाहेरून काही नवीन आणत नाही. तुमच्या कपाटात, दुसऱ्या खणात, पवनारहून आणलेलं 'गीता प्रवचने' आहे. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी उतरून घेतलं, हे तुम्हीच मला शिकवलंत. आठव्या अध्यायात ते म्हणतात, मरणाचं स्मरण असावं. एकनाथ महाराजांची गोष्ट आहे त्यात. एक जण त्यांना विचारतो, महाराज, तुमचं जीवन इतकं साधं, निष्पाप कसं? नाथ त्याला सांगतात, ते असू दे, तुझं मरण मात्र सात दिवसांवर आलंय. तो घरी जातो, सगळ्यांचा निरोप घेतो, अंथरूण धरतो. सातव्या दिवशी नाथ येऊन विचारतात, या सात दिवसांत पाप किती केलंस? तो म्हणतो, पापाचा विचार करायला सवड कुठे होती, डोळ्यांपुढे मरण उभं होतं. मी सहावीत असताना ही गोष्ट तुम्ही मला ओसरीवर सांगितलीत. त्या विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत, अन्न, पाणी आणि औषध नाकारून देह ठेवला. तेव्हा तुम्ही शाळेतून रजा काढून पवनारला गेला होतात आणि आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलला नाहीत, असं आई सांगते. तुम्ही तिथे काय पाहिलंत, कसला विचार करत होतात, ते मला ऐकायचंय.

आई, तू तुकोबांचा "याजसाठी केला होता अट्टाहास, शेवटचा दिस गोड व्हावा" हा अभंग म्हणतेस तेव्हा तुला अभद्र वाटत नाही. मी तेवढंच विचारते आहे गं. तुझा गोड दिवस कसा असेल? मी माझ्या मनानं काही अंदाज बांधलेत. सकाळी स्वतःची स्वतः अंघोळ करून लुगडं नेसता येणं तुला हवं असेल. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारता येणं हवं असेल. दवाखान्यात एकटीनं रात्र काढायची नाही, हे तर नक्की. बाबांचं मला कळत नाही. पेपर वाचता येणं? की नातवाला ओळखता येणं? चुकत असेन तर चुकीचंच ठरवीन मी, म्हणून तुमच्या तोंडून हवंय. आणि "सगळं करा" असंच तुमचं म्हणणं असेल तर तेही सांगा, मी जीव तोडून सगळं करीन. फक्त ते तुमचं असू दे.

मी येत्या शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघते, रविवारी सकाळी पुसदला उतरेन. आई, माझ्यासाठी काही वेगळं करत बसू नकोस, ज्वारीची भाकरी आणि झुणका पुरे. साखर तपासली का ते मात्र येऊन विचारणार आहे. दुपारी जेवणं झाल्यावर आपण तिघंच ओसरीवर बसू, शेजारचं कुणी आलं तर आत घेऊ नका. बाबा, आठव्या अध्यायाचं पान खूण घालून ठेवा. अक्षरं बारीक लागतात म्हणत होतात ना, वाचून मी दाखवीन.

तुमची,
मनू