आजीची डबी

डोंबिवली,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय माले,

तीन महिन्यांत तुझा फोन मी दोनदाच उचलला, आणि दोन्ही वेळा "कुकर लावलाय गं" म्हणून ठेवून दिला. कुकर लावलेला नव्हता. आज कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये नाण्यांचं प्रदर्शन होतं. दिवसभर तिथे होते, आत्ता आले. आता लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. तब्येती ठीक. माझी साखर आटोक्यात, ह्यांचं फिरणं चालू.

माले, तुझ्या आजीच्या शिवराया मी घासल्या.

शिवजयंतीला नातू वर्गात सांगून आला, आमच्याकडे खऱ्या शिवराया, शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, आहेत म्हणून. मला वाटलं, काळ्याठिक्कर नाण्यांकडे पोरं काय बघणार? रात्री चिंच कोळली, मीठ घेतलं आणि सातही नाणी देवाच्या ताम्हनासारखी लखलखीत केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग एका मुलाचे वडील जवळ आले, एक नाणं हातात घेतलं आणि हळूच म्हणाले, "अरेरे, घासलीत?" तेव्हापासून पोटात गोळा आहे. कुणालाही सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही.

आज डबी पर्समध्ये घालून गेले. एवढी गर्दी असेल असं वाटलं नव्हतं. कॉलेजची पोरं नोटांच्या गठ्ठ्यांतून आपल्या वाढदिवसाचा नंबर शोधत होती, ७८६ ची नोट मागणारे वेगळेच. एका टेबलावर १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया होता. राजाच्या झग्यावर कोरलेला बारकासा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, गहजब झाला आणि सरकारला ते नाणं थांबवून पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरून घ्यावा लागला. मी तिथे एकटीच हसत उभी. चौथीत तू काढलेला हत्ती आठवला. गुरुजींनी खाली लाल शाईने लिहिलं होतं, "डुक्कर छान." तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस, जसं काही ते मीच लिहिलं होतं!

शेवटी कोल्हापूरचे एक व्यापारी भेटले. त्यांच्यापुढे मखमलीच्या ट्रेमध्ये शिवरायाच शिवराया. मी डबी उघडली. त्यांनी पहिलं नाणं दोन बोटांनी कडेला धरून दिव्याखाली नेलं, भिंग लावलं आणि एकच शब्द बोलले, "चिंच?"

मी मान हलवली. रागावले नाहीत बिचारे. आपल्या ट्रेमधली एक माझ्या तळहातावर ठेवली. गडद चॉकलेटी रंग, खोलगट जागी हिरवट झाक, आणि वर उठलेली अक्षरं कशी मऊ दिसत होती. शेजारी आपली ठेवली. नव्या पितळी बिजागरीसारखी. ते म्हणाले, तांब्यावर हा थर धरायला पिढ्या जातात, तोच नाण्याला जपतो आणि संग्राहक आधी तोच बघतात. आंबटाने तो एका रात्रीत जातो, वर तांब्याचा पापुद्राही थोडा निघतो.

आणि माले, मला तुझी आजी दिसली. दर शनिवारी देव घासायला बसायची, पुढ्यात चिंचेचा गोळा, रांगोळी, राख. त्याच देव्हाऱ्यातल्या ह्या सात शिवराया मात्र ती आधी उचलून केळीच्या पानावर बाजूला ठेवायची, कोरड्या फडक्याने टिपायची आणि परत जागेवर. पाणीसुद्धा लावायची नाही. आपण दोघी समोर बसलेल्या असायचो. मी हे पाहिलेलं आहे गं. शेकडो वेळा पाहिलेलं आहे. तरी मी चिंच भिजवली.

दादाच्या वाटणीच्या वेळी तू डबी माझ्याकडे दिलीस, "इथे राहिली तर हिचेही वाटे पडतील" म्हणालीस. त्याला एकेचाळीस वर्षं झाली. एकही हरवू दिली नाही, हे आज स्वतःला किती वेळा सांगितलं.

तिथे एकाकडे क्षत्रप राजा नहपानाची चांदीची नाणी होती. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि त्याच्याच नाण्यांवर आपला ठसा मारून ती चालवली. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली १३ हजारांवर नाणी सापडली, त्यांतली नऊ हजारांहून जास्त अशी दोन ठशांची. विक्रेता कौतुकाने दाखवत होता, नव्या ठशाखाली जुन्या राजाचं नाक अजून दिसतं. मला ते नाक बघून रडू आलं. त्याने शत्रूचं नाणंसुद्धा पुरतं पुसलं नाही.

आता तुझ्या हक्काची गोष्ट. आपलं भांडण मिटलं. तुझ्या लाडक्या शिवराईवर "श्री राजा शि" एवढंच का, यावरून आपण गॅलरीत बोलणं टाकलं होतं, आठवतं? मी म्हणायचे, लोकांच्या हातांनी "व" झिजला. तू म्हणायचीस, लहान पुरीवर मोठं झाकण दाबलं तर नक्षी बाहेर जाणारच. तुझंच खरं निघालं. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, वरून हातोडा. त्यामुळे पूर्ण "श्री राजा शिव" आणि मागे पूर्ण "छत्रपति" एकाच नाण्यावर क्वचितच मिळतं. त्यांनी चार वेगळ्या काढल्या, त्या दुदांडी, म्हणजे दोन दांड्यांच्या, पेशवाईतल्या. "महाराजांच्या हातच्या" असं आजी सातही नाण्यांना म्हणायची. उरलेल्या तिघींबद्दल ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले आणि म्हणाले, घासल्या नसत्या तर जास्त खात्रीने बोललो असतो. त्या तिघींत तुझी "राजा शि" आहे.

उपाय विचारला. काही लावायचं नाही, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायच्या नाहीत, ओल लागू द्यायची नाही. हवेने आपोआप काळवंडतील, पण वर्षं लागतील. आपल्या हयातीत पूर्वीसारख्या होणार नाहीत.

निघताना होळकरांचा एक रुपया घेतला, इंदूरच्या टांकसाळीचा, वर सूर्याचा चेहरा. तुझ्या गावचा म्हणून घेतला. भरपाई म्हणून नाही, भरपाई होण्यासारखं हे नाहीच.

मनूचं जमलं ते तुझ्या वहिनीकडून कळलं, फार आनंद झाला. मुलगा कुठला, काय करतो, सगळं सांग. गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळ्याआधी उरकून घे.

डबी कुरियरने पाठवणार नाही. पुढच्या महिन्यातलं अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट काढते. स्टेशनवर येऊ नकोस, मी रिक्षाने येईन. तू डबी उघडशील तेव्हा मला समोर बसायचं आहे.

तुझीच,
सुनी