बंगारोटॉक्सिन बंगालचं नाही हो

मा. संपादक, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला सापांवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण बाजूच्या चौकटीत ‘बंगारोटॉक्सिन म्हणजे बंगालमध्ये सापडलेलं सापाचं विष, त्याने रक्त गोठतं’ असं छापलंय आणि एवढ्याशा वाक्यात दोन चुका. मी आयुष्यभर लॅबमध्ये काम केलेला माणूस, रिटायर झालो तरी खोड जात नाही, म्हणून लिहितोय.

बंगालचा काही संबंध नाही. शब्द मूळ तेलुगू, बंगारम म्हणजे सोनं. आम्हा सोलापूरकरांना हे सांगायला डिक्शनरी लागत नाही, शेजारच्या आजी नातीला हाकच मारतात ‘बंगारम’ म्हणून. पॅट्रिक रसेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर कंपनीच्या काळात तेलुगू मुलखाच्या किनाऱ्यावर साप गोळा करायचा, 1796 च्या पुस्तकात त्याने लोकांच्या तोंडचं ‘बंगारम पामु’ हे नाव नोंदवलं, पामु म्हणजे साप. ती पिवळ्याकाळ्या पट्ट्यांची पट्टेरी मण्यार, आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरकडे दिसते. पुढे 1803 साली दोदँ या फ्रेंच माणसाने सगळ्याच मण्यारींना मिळून बंगारस नाव दिलं, आणि 1963 मध्ये तैवानात चँग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून प्रोटीन वेगळी काढली ती झाली बंगारोटॉक्सिन. गंमत अशी की ती तैवानी मण्यार काळीपांढरी, आपल्या घरात शिरते ती निळसर काळी, सोनेरी कुणीच नाही पण नाव सोन्याचं चिकटलंय.

दुसरी चूक जास्त महागात पडणारी. रक्ताची गडबड हे घोणस-फुरश्याचं काम, बंगारोटॉक्सिन रक्ताच्या नाही, नसांच्या मागे लागतं (नसा म्हणजे इथे मज्जातंतू, रक्तवाहिन्या नव्हेत). नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागेवर, जाऊन बसलं की स्नायू हलतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, अल्फा-बंगारोटॉक्सिन तसं त्या रिसेप्टरवर आधीच रुमाल टाकून बसतं, मग खरा पॅसेंजर उभाच. त्याचाच दुसरा प्रकार बीटा त्याहून वाईट, ते नसेचं टोकच खराब करतं, म्हणजे गाडी डेपोतूनच सुटत नाही. एकदा टोक बिघडलं की सापाच्या विषावरच्या इंजेक्शनने ते लगेच दुरुस्त होत नाही (इंजेक्शन लवकर द्यायचंच, रक्तात फिरणारं विष तरी आवरतं), नवीन टोक तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून मण्यारीचा पेशंट कधीकधी कितीतरी दिवस व्हेंटिलेटरवर असतो आणि नातेवाईक म्हणतात औषध लागू पडेना. तेवढे दिवस श्वास चालू ठेवला तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो, हे चौकटीत यायला हवं होतं.

आता ह्या विषाचा दुसरा उपयोग, तो तर लेखात नव्हताच. आमच्या नात्यातल्या एका बाईंची पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळपर्यंत खाली यायची, डॉक्टरांना मायस्थेनियाचा संशय आला, त्यात शरीर स्वतःच त्या रिसेप्टरवर हल्ला करतं. रक्ततपासणी सांगितली आणि मुलाने मोबाईलवर वाचलं की टेस्टमध्ये अल्फा-बंगारोटॉक्सिन वापरतात. रात्री अकराला फोन, “काका, आईला मण्यारीचं विष टोचणार का हो?” त्याला समजावता समजावता माझी झोप गेली. ते रिसेप्टरला इतकं घट्ट चिकटतं की लॅबमध्ये रिसेप्टर हुडकायला खूण म्हणून वापरतात, पेशंटचं फक्त रक्त घेतात, बाकी सगळा कारभार नळीत. मण्यार चावल्यावरही आधी पापणीच पडते, जागा तीच ना.

तर कृपया दुरुस्ती छापा. आणि त्यात एवढं घाला की मण्यार बहुतेक रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, कधी दातांची खूणसुद्धा दिसत नाही, माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो आणि घरचे ओवा देत बसतात. जागा नाही म्हणू नका, मागच्या चौकटीत बरोबर बसतं हे मी पट्टीने मोजून पाहिलंय.

आपला नेहमीचा वाचक,
सोलापूर