सूचना: एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिताना

सर्व सदस्यांना नमस्कार,

सामायिक रिपॉझिटरीत (सर्वांचा कोड ठेवायच्या जागेत) नवं टूल, म्हणजे एजंटला वापरता येणारं फंक्शन, जोडण्याआधी त्याचं वर्णन पुन्हा एकदा वाचा, ही कळकळीची विनंती. एजंटला, म्हणजे ही टूल्स वापरून कामं करणाऱ्या AI प्रोग्रामला, आपला कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा), एवढ्यावरूनच ते वापरायचं की नाही हे तो ठरवतो.

‘माहिती शोधते’ एवढ्यावर भागत नाही. कोणती माहिती, कुठून, एका वेळी किती निकाल येतात, काहीच सापडलं नाही तर रिकामी यादी मिळते की एरर, हे सगळं लिहा. एकसारखी दोन टूल्स असतील तर कोणतं कधी वापरू नये हेही सांगा. माझ्या मते सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. तारखेचा क्रम आणि मोजमापाचं एकक नमूद करा. ठरावीकच पर्याय चालत असतील तर ते स्कीमातच नोंदवा.

टूल डेटा पुसत असेल किंवा बाहेर मेल पाठवत असेल, तर ते पहिल्याच वाक्यात यायला हवं. वर्णनावर विसंबून मात्र राहू नका, परवानगीची तपासणी कोडमध्येच लागते.

वर्णन बदललं की वापरकर्त्यांच्या खऱ्या विनंत्या देऊन एजंट योग्य टूल निवडतो का ते पाहा, मगच मर्ज करा, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळा.